वहीत नुसता ‘वॉर्बलर?’ उरतो: गोव्यातल्या हिवाळी वटवट्यांची ओळख कुठे अडते

तक्रार दरवर्षी तीच असते. पावसाळा सरला की गोव्यातल्या झाडांवर काहीतरी बारीक, हिरवट, क्षणभर स्वस्थ न बसणारं हलायला लागतं. दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत ते दुसऱ्या फांदीवर पोचलेलं असतं. कॅमेऱ्यात येतं ते पोट, एखादा पाय आणि भरपूर आकाश. घरी येऊन पक्ष्यांचं पुस्तक उघडावं, तर एकाच पानावर सात-आठ जुळी भावंडं रांगेने बसलेली. शेवटी वहीत ‘वॉर्बलर’, म्हणजे वटवट्या, एवढंच लिहून पुढे प्रश्नचिन्ह पडतं. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्यांना सरसकट ‘ग्रीनिश’ (त्यांतलीच एक जात) ठरवून मोकळं व्हायचं. माझ्या मते हा दुसरा मार्ग जास्त वाईट, कारण प्रश्नचिन्ह निदान खरं बोलतं.

डोळे कमी पडतात म्हणून हे होत नाही. आपण प्रश्न उलट्या क्रमाने विचारतो म्हणून होतं. पक्षी दिसला की पहिला प्रश्न रंगाचा, दुसरा पंखावरच्या पट्टीचा, आणि तो कुठे होता, काय बोलत होता हे सगळं घरी आल्यावर आठवायचं. या पक्ष्यांच्या बाबतीत रंगाचा पुरावा सर्वांत कच्चा आहे. पक्षी कुठल्या थरात आहे ते आधी बघावं, मग तो काय बोलतोय ते ऐकावं, मग त्याचं वागणं, मग चोच, भुवई आणि पंख. रंग शेवटी. खालच्या बहुतेक अडचणी हा क्रम मोडल्यामुळे येतात.

तो मुळात पाहुणा आहे का?

निम्मा घोळ इथेच मिटू शकतो. हिवाळ्यात ज्यांना घाईने वॉर्बलर म्हटलं जातं त्यांतले पुष्कळ पक्षी आपल्या परसातले बारमाही रहिवासी असतात. शिंप्याची शेपटी उभी, कपाळ तांबूस आणि आवाज अंगाच्या मानाने फारच मोठा. प्रिनिया गटातले वटवटे, म्हणजे राखी आणि साधा, यांची शेपटी लांब आणि सैल, उडताना मागून ओढत नेल्यासारखी. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं दिसलं की विषय संपतो, पण उन्हाच्या विरुद्ध दिशेला ते दिसत नाही, आणि हे थव्याने येतात. शिंजिराच्या मादीची चोच खाली वळलेली असते. फुलटोच्या आखूड शेपटीचा, गोळा होऊन बसणारा.

खरी फसवणूक करते ती सुभगाची मादी. पिवळसर-हिरवी, वरच्या फांद्यांत फिरणारी, आणि पंखावर चक्क दोन पांढऱ्या पट्ट्या! पुस्तकातलं ‘दोन पट्ट्या’ हे वाक्य डोक्यात ठेवून फिरणारा माणूस तिला हमखास वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलर करून टाकतो. अशा वेळी पट्ट्या सोडा आणि चेहरा बघा. पानांत फिरणाऱ्या आपल्या सगळ्या पाहुण्या वटवट्यांना ठळक भुवई असते आणि तिच्या खाली डोळ्यातून जाणारी गडद रेघ असते. सुभगाच्या मादीचा चेहरा कोरा, चोच जाड आणि टोकदार. भुवई नाही तर शेंड्यावरच्या वॉर्बलरचा विचार थांबवायचा.

घाटातल्या दाट जंगलात, बोंडला किंवा मोलेच्या बाजूला, झुडपांच्या थरात ब्राउन-चीक्ड फुलव्हेटा नावाचा राखी-तपकिरी पक्षी जोडीने किंवा टोळीने फिरतो. तोही ‘बिनखुणांचा तपकिरी वॉर्बलर’ म्हणून पुष्कळ वह्यांत शिरतो. पाहुणे वटवटे झुडपात असे टोळीने राहत नाहीत.

कुठल्या मजल्यावर आहे?

पाहुण्यांचे ढोबळ तीन मजले करा. शेंड्यावर आणि झाडाच्या वरच्या निम्म्या भागात फिरतात ते फायलोस्कोपस, म्हणजे पानवटवटे: ग्रीनिश, ग्रीन, वेस्टर्न क्राउन्ड, लार्ज-बिल्ड लीफ, टायटलर्स. झुडपात, कुंपणात, रानमोडीच्या गचपणात असतो तो बहुतेक वेळा ब्लिथ्स रीड वॉर्बलर. कोरड्या काटेरी झुडपांत बूटेड आणि साइक्सेस. पाण्याकाठच्या लव्हाळ्यात, भातशेताच्या कडेला पॅडीफील्ड आणि क्लॅमरस रीड. अपवाद असतातच, पण थर कळला की पंधरा नावांची चार होतात.

गोव्यात हे मजले अगदी जवळजवळ येतात, म्हणून गोंधळही जास्त. एखाद्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या मिश्र बागेत, उभं राहिलं की वर आंबा-फणसाच्या शेंड्यात ग्रीनिश, मध्ये पोफळीवर शिंजीर, आणि पाटाच्या कडेच्या झुडपात ब्लिथ्स, असे तिन्ही आवाज एकाच वेळी कानावर येतात. सुपारी गोळा करणाऱ्या माणसाने ‘खंयचें सवणें सोदता?’ (कुठला पक्षी शोधताय?) असं विचारलं, तर वर बोट दाखवण्यापेक्षा ‘झुडपातलं की शेंड्यावरचं?’ असा उलट प्रश्न स्वतःलाच विचारावा. कुळागरात रोज वावरणाऱ्याला तो झुडपातला ‘चक चक’ आवाज चांगलाच ओळखीचा असतो, नाव माहीत नसलं तरी.

दिसत नाही, पण सतत ओरडतं

ही खरं तर अडचण नाही, सोय आहे. तरीही बहुतेक लोक तिच्याकडे अडचण म्हणूनच बघतात आणि आवाज बंद होऊन पक्षी दिसायची वाट बघतात.

हे पक्षी हिवाळ्यात का ओरडतात हे समजलं तर पुढचं सोपं जातं. ग्रीनिश वॉर्बलर आपल्याकडे नुसता वेळ काढायला येत नाही. तो झाडांचा एक ठरावीक तुकडा धरतो आणि दुसऱ्या ग्रीनिशला तिथे येऊ देत नाही. पूर्व घाटात ट्रेव्हर प्राइस यांनी या पक्ष्याच्या हिवाळी मुक्कामाचा अभ्यास केला, तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात ही हद्द राखण्याची सवय दिसून आली. हद्द राखायची तर बोलावं लागतं. म्हणून पहाटेच काय, दुपारी बाराला इतर पक्षी गप्प झाले तरी वरून तो दोन तुकड्यांचा, धारदार ‘चि-स्वी’ येत राहतो. पांढऱ्या धोब्याचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना त्याची थोडी आठवण होईल.

पक्ष्यांसाठीही आवाजाचं वजन किती आहे याचा मोठा दाखला याच ग्रीनिशने दिला आहे. विणीच्या हंगामात तो हिमालयापासून तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी वळसा घालत सैबेरियापर्यंत पसरलेला असतो. वळशात शेजारी-शेजारी राहणाऱ्या पक्ष्यांत फरक थोडाथोडाच, पण सैबेरियात दोन्ही टोकं भेटतात तेव्हा तिथले नर एकमेकांच्या गाण्याला दाद देत नाहीत. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे मांडलं. आपल्याला जे दोन पक्षी दुर्बिणीतून जवळपास सारखे दिसतात, ते स्वतः एकमेकांना कानाने वेगळं करतात.

गोव्यासाठी चार आवाज पक्के झाले तर हिवाळ्यातली बरीचशी वही भरते. पहिला हा ग्रीनिशचा ‘चि-स्वी’. दुसरा त्याच्या भाऊबंदाचा, ग्रीन वॉर्बलरचा. तोही तसाच, पण अनेकदा तीन तुकड्यांचा, ‘चि-रि-वी’ असा. अनेकदा म्हटलं, नेहमी नाही. तेव्हा एका हाकेवर निकाल देऊ नका, निदान मिनिटभर ऐका. तिसरा लार्ज-बिल्ड लीफ वॉर्बलरचा, आणि तो एकदा ऐकला की विसरत नाही: दोन स्पष्ट सूर, दुसरा पहिल्याहून चढा, ‘डर्र-टी’. हा पक्षी वर पानांत लपून राहतो, बराच वेळ एकाच जागी, म्हणून त्याच्या बहुतेक नोंदी कानानेच होतात. तसं झालं तर त्यात कमीपणा काही नाही. चौथा ब्लिथ्स रीडचा, झुडपातून येणारा कोरडा ‘चक’, कधी एकेक, कधी रागावून लागोपाठ, त्यात मध्येच घरघर.

इथे एक सापळा आहे. फुलटोच्याही ‘चिक चिक’ करतो आणि गोव्याच्या प्रत्येक परसात तो असतो. फुलटोच्याचा आवाज बारीक, धातूसारखा, उडता उडता येणारा आणि बहुतेक वरून. ब्लिथ्सचा आवाज जाड, एकाच झुडपातून, कमरेच्या किंवा डोक्याच्या उंचीवरून. आवाज हलत असेल तर ब्लिथ्स नव्हे.

मोबाइलवर आवाज नोंदवायची सवय लावा. फोटो न मिळाल्याचं दुःख त्याने निम्मं होतं. फोन स्थिर धरायचा, अर्धं-एक मिनिट बोलायचं नाही, शेवटी जागा आणि वेळ स्वतःच्या आवाजात सांगायची. सत्तरी तालुक्यातल्या ओढ्याकाठी पाण्याचा आवाज सगळं गिळतो, तिथे पाण्याकडे पाठ करून उभं राहा. नंतर झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर त्याच जातीचे आवाज लावून ताडून बघता येतं. गाणं लावू नका, ‘कॉल’ म्हणून दिलेले आवाज निवडा. हिवाळ्यात कानावर पडतात ते बहुतांशी तेच, आणि गाण्याशी तुलना करून ‘जुळत नाही’ म्हणणं हा नेहमीचा घोटाळा आहे.

उलट दिशेचा उद्योग, म्हणजे जंगलात आवाज वाजवून पक्ष्याला पुढे आणणं, तो करू नका. आपली हद्द राखणाऱ्या दहा ग्रॅमहूनही कमी वजनाच्या पक्ष्याला तुम्ही एक खोटा घुसखोर दाखवता आणि त्याची खाण्याची वेळ खर्च करता. शिवाय चिडून खाली आलेला पक्षी जसा वागतो तसा तो एरवी वागत नाही, म्हणजे तुमचं निरीक्षणही बिघडतं.

नुसतं पोट दिसतं

हा प्रश्न पक्ष्याचा नाही, उभं राहण्याच्या जागेचा आहे. उंच झाडाच्या बुंध्याशी उभं राहून शेंड्यावरचा पक्षी ओळखायचा प्रयत्न केला तर मान आणि वेळ दोन्ही जातात. वॉर्बलरच्या ज्या खुणा कामाच्या आहेत त्या जवळजवळ सगळ्या वरच्या बाजूला आहेत: डोकं, पाठ, पंख.

गोव्यात याला सुंदर उपाय आहे. चोर्ला आणि अनमोडच्या घाटरस्त्यांना दरीच्या बाजूला खालून वर आलेल्या झाडांचे शेंडे थेट डोळ्यांच्या पातळीवर असतात. गाडी सुरक्षित जागी लावून अशा एका शेंड्यासमोर उभं राहिलं की जे पोट दिसत होतं त्याला पाठही असते हे कळतं! उतारावरच्या कुळागरात वरच्या टप्प्यावर जावं. तांबडी सुर्लाच्या देवळाच्या परिसरात मोकळी जागा आहे, तिथून जंगलाची कड थोड्या अंतरावरून, कमी कोनात बघता येते. सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं पठार, जिथे संपतो आणि झाडी सुरू होते तिथेही हेच. चोर्ल्याच्या वळणांवर मात्र ट्रक येतात आणि त्यांना तुमच्या ग्रीनिशशी काही देणंघेणं नाही, तेव्हा रस्त्यावर पाय ठेवून वर बघत चालू नका.

दुर्बीण ८×४२ घ्या. दहापट मोठं दिसतं म्हणून १०×४२ घेणाऱ्यांची शेंड्यावर फसगत होते, कारण दिसणारं वर्तुळ लहान होतं आणि हात हलल्याचंही दहापट दिसतं. पाच-दहा सेकंद दिसणाऱ्या पक्ष्यासाठी रुंद वर्तुळ महत्त्वाचं.

आणि पक्ष्याच्या मागे धावू नका. त्याची हद्द ठरलेली आहे हे वर आलंच. तो गेला तर परत त्याच फांदीवर येणार. डिसेंबर-जानेवारीत मोहोराला आलेलं आंब्याचं झाड गाठावं. मोहोरावर कीटक, कीटकांवर हे पाहुणे, आणि पानांपेक्षा मोहोरात ते जास्त उघडे दिसतात. सकाळचं ऊन पाठीशी राहील अशा बाजूला उभं राहायचं, अर्धा तास हलायचं नाही. आज चुकलेली खूण उद्या त्याच झाडावर बघायला मिळते.

पट्टी कधी दिसते, कधी नाही

शेंड्यावरच्या पाचांना वेगळं करताना ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. पुस्तक सांगतं, ग्रीनिशच्या पंखावर एक बारीक फिकट पट्टी. झाडावर कधी एक दिसते, कधी दुसरीचा अंश, कधी एकही नाही. कारण साधं आहे: ती पट्टी म्हणजे पिसांची फिकट टोकं, आणि टोकंच आधी झिजतात. झिजलेल्या ग्रीनिशच्या पंखावर काहीच उरत नाही. म्हणून पट्टी दिसली तर पुरावा, नाही दिसली तर काहीच सिद्ध होत नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

पट्टीऐवजी डोकं आणि चोच धरा. डोक्याच्या मधोमध फिकट रेघ, दोन्ही बाजूंना गडद पट्टे, आणि पंखावर दोन पट्ट्या, तर तो वेस्टर्न क्राउन्ड. हा पश्चिम हिमालयात वीण करून हिवाळ्यात पश्चिम घाटात उतरतो, ग्रीनिशपेक्षा थोडा मोठा आणि शांत वाटतो, आणि मिश्र थव्यांबरोबर फिरायला त्याला आवडतं. डोक्यावरची रेघ समोरून किंवा वरून दिसते, खालून नाही. म्हणून घाटरस्त्याचं महत्त्व.

डोक्यावर रेघ नसेल तर खालची चोच बघा. ग्रीनिश आणि ग्रीन यांची खालची चोच फिकट, नारिंगी-गुलाबी झाक असलेली. लार्ज-बिल्डची चोच मोठी आणि बरीचशी गडद, खालच्या चोचीचं फक्त बूड फिकट. त्याची भुवई लांब, डोळ्यातली रेघ जाड आणि काळपट, गाल मळकट. एकूण चेहरा रागीट. टायटलर्सची चोच लांब, बारीक, गडद, सुईसारखी, आणि पंखावर पट्टी मुळातच नाही. इथे वरचा नियम आठवा: पट्टी नसलेला ग्रीनिश आणि टायटलर्स यांच्यात फरक चोचीने होतो, पट्टीने नाही. टायटलर्स काश्मीरच्या आसपासच्या पश्चिम हिमालयात वीण करतो, पश्चिम घाटात हिवाळा काढतो, आणि जागतिक यादीत तो ‘संकटसमीप’ गटात आहे. तेव्हा त्याची नोंद घाईने करू नये. बाजूने घेतलेला चोचीचा एक बरा फोटो असेल तरच नाव लिहावं.

सड्याच्या कडेला खडकावर किंवा झाडाच्या खोडावर सरपटत चढणारा, पट्टी नसलेला, पुढे नारिंगी-पिवळी होत गेलेल्या भुवईचा पक्षी दिसला तर तो सल्फर-बेलीड. त्याचं वागणंच त्याचं नाव सांगतं.

हिरवट की हिरवा?

ग्रीनिश आणि ग्रीन हे दोघे बराच काळ एकच जात मानले जात होते, त्यामुळे तुम्हाला ते वेगळे करता आले नाहीत तर लाज वाटून घेऊ नका. ग्रीन वॉर्बलर कॉकेशस, तुर्कस्तान, उत्तर इराण या बाजूने येतो आणि आपल्याकडच्या ओलसर घाटातली झाडी त्याला मानवते. ताजा ग्रीन पाहिला तर शंका राहत नाही: भुवई, गाल, गळा, छाती यांवर स्वच्छ पिवळी झाक, पाठ उजळ हिरवी, पंखावरची पट्टी ठळक. ग्रीनिश त्यापुढे राखाडी, पोट मळकट पांढरं.

अडचण दोन कारणांनी होते. पिसं जुनी झाली की ग्रीनचा पिवळेपणा उतरतो. आणि पानांतून गाळून आलेल्या उजेडात राखाडी ग्रीनिशही पिवळा दिसतो. मोबाइलचा किंवा कॅमेऱ्याचा आपोआप रंग ठरवणारा भाग त्यात भर घालतो. यावर एकच उपाय: त्याच फोटोत काहीतरी पांढरं किंवा राखाडी शोधा, एखादी वाळलेली फांदी, आभाळाचा तुकडा. तेही पिवळट-हिरवं आलं असेल तर पक्ष्याच्या पिवळेपणाला किंमत देऊ नका. पक्षी सावलीतून उघड्या फांदीवर येईपर्यंत थांबा. गळ्याचा रंग पोटाशी ताडून बघा, दुसऱ्या फोटोशी नाही. आणि आवाज जोडीला असल्याशिवाय निकाल देऊ नका. एवढं करूनही जमलं नाही तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘ग्रीन/ग्रीनिश वॉर्बलर’ असा एकत्र पर्याय दिलेला आहे. तो वापरण्यात हार नाही, उलट पुढे नोंदी तपासणाऱ्याचं काम सोपं होतं.

झुडपातला बिनखुणांचा तपकिरी

आता खालचा मजला. ब्लिथ्स रीडबद्दल लोकांची तक्रार अशी की त्याच्यात बघण्यासारखं काही नाही. खरं आहे, आणि तीच त्याची खूण. वरून सपाट, किंचित हिरवट तपकिरी, खालून मळकट पांढरा, भुवई आखूड, चोचीपासून डोळ्यापर्यंत उठून दिसणारी आणि मागे विरून जाणारी, चोच लांब, बंद पंखाची टोकं आखूड. झुडपातून सरकताना तो डोकं आणि शेपटी वर उचलून अंगाची केळ्यासारखी कमान करतो. नावात ‘रीड’ असलं तरी हिवाळ्यात त्याला लव्हाळा लागत नाही. परस, काजूची बाग, स्मशानाकडच्या वाटेवरचं गचपण, काहीही चालतं. पाणी नाही म्हणून ब्लिथ्सचं नाव खोडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी उलट विचार करावा: गोव्यातल्या कोरड्या कुंपणातला ‘चक’ करणारा तपकिरी पक्षी आधी ब्लिथ्स, आणि दुसरं काही म्हणायचं असेल तर पुरावा त्या दुसऱ्यासाठी हवा.

तो दुसरा बहुतेक बूटेड किंवा साइक्सेस असतो. दोघेही ब्लिथ्सपेक्षा फिकट, वाळूच्या रंगाकडे झुकणारे. बूटेड लहान, आखूड चोचीचा, पानवटवट्यासारखा चपळ, भुवई जरा ठळक. साइक्सेसची चोच आणि शेपटी दोन्ही लांब, चेहरा फिकट आणि साधा. हेही एके काळी एकाच जातीत मोडले जायचे. साइक्सेसला नाव कर्नल साइक्स यांचं, ज्यांनी १८३२ मध्ये दख्खनमधल्या पक्ष्यांचं वर्णन करताना याचीही नोंद केली. चोचीची लांबी नीट दिसली नाही तर ‘बूटेड/साइक्सेस’ लिहून पुढे जा.

पाण्याकाठी प्रश्न सोपा होतो. करमळी स्टेशनाशेजारचं तळं, कुडचड्याचं नंदा तळं, जे २०२२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, किंवा चोडणच्या खारफुटीच्या कडा, अशा ठिकाणी लव्हाळ्यातून किंवा खारफुटीतून कर्कश, तुटक, मोठ्याने बडबड ऐकू आली तर तो क्लॅमरस रीड. आकाराने ब्लिथ्सच्या दीडपट, चोच लांब आणि दणकट. पॅडीफील्ड लहान, तांबूस तपकिरी, आणि त्याची भुवई डोळ्याच्या मागेही ठळक, वरून गडद कडा असलेली. ब्लिथ्सची भुवई डोळ्यामागे संपते, पॅडीफील्डची संपत नाही. भाताच्या कापणीनंतर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, बांधावरून चालताना शेपटी उचलत लव्हाळ्यात शिरणारा तपकिरी पक्षी या एका फरकाने सुटतो.

ॲप सांगतं ते खरं धरायचं का?

मर्लिन हे पक्षी ओळखणारं ॲप उपयोगी आहे, पण साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नाही. पडद्यावर आवाजाची सरकणारी चित्ररेषा दिसते, ती पाहून दोन तुकडे आहेत की तीन हे डोळ्यांनी मोजता येतं, हा त्याचा मला वाटतो तो सर्वांत मोठा फायदा. नाव मात्र तपासून घ्यावं. शिंजीर, फुलटोच्या, शिंपी, दूरवरचा रस्ता यांच्या गलक्यात ते चुकतं. ॲपने नाव दिलं आणि पक्षी चुकीच्या मजल्यावर असेल, तर मजल्यावर विश्वास ठेवा. फोटोवरून ओळखतानाही तेच: पोटाचा फोटो दिला तर उत्तरही पोटापुरतंच येणार.

मार्चनंतर सगळं पुन्हा बिघडतं

जानेवारीत पक्के झालेले आवाज मार्च-एप्रिलमध्ये बदलतात. परतीच्या आधी पाहुणे गाऊ लागतात, आधी दबक्या आवाजात, तुकड्या-तुकड्याने. ब्लिथ्स तर नकलाकार आहे. झुडपातून एकापाठोपाठ भलत्याच पक्ष्यांचे आवाज यायला लागले आणि प्रत्येक आवाज दोन-चारदा घोळवला जात असेल, तर तिथे पाच पक्षी शोधू नका, एकच ब्लिथ्स शोधा. मध्ये कुठेतरी तो ओळखीचा ‘चक’ येतोच. लार्ज-बिल्डचं गाणं पाच सुरांचं, उतरत जाणारं, स्पष्ट शिट्टीसारखं. या दिवसांत घाटात वाटेवरचे पक्षीही असतात, तेव्हा रोजच्या झाडावर रोजचाच पक्षी असेल असं धरून चालू नये, प्रत्येक वेळी पहिल्यापासून तपासावं. एप्रिलच्या अखेरीस बहुतेक सगळे निघून जातात. मे महिन्यात वरच्या फांदीत पिवळसर-हिरवं काही हललं आणि पंखावर दोन पट्ट्या चमकल्या, तर तिथे आधी सुभगाची मादी शोधा.